परवच्याचे चिंचोके

डब्यात साठ चिंचोके होते. बे ते सात, सहा पाढ्यांच्या साठ ओळी. परवच्याला बसलं की बरोबर आलेल्या प्रत्येक ओळीला माझी बहीण चांगुणा एक चिंचोका काढून पुढ्यात ठेवी. ती आठ वर्षांची. दीड वर्षापासून तिला फेफरं येत होतं. दिवाळीला नगरच्या डॉक्टरांची गोळी सुरू झाली तेव्हा तिचे पन्नास चिंचोके येत. माघात एकतीस.

"परीक्षेत सातपर्यंत आलं तर तिसरीत बसवतो," गुरुजी म्हणाले. "नाहीतर घरीच ठेवा."

आई म्हणाली, "त्या गोळीनंच डोस्कं जड झालंय. परवच्याला बसली की डोळं झाकत्यात."

"पण दिवाळीपासून फेफरं नाही आलं," मी म्हणालो.

"न्हाई आलं. पन पोरगी तरी कुठं ऱ्हायली?"

मी आदल्या वर्षी बी.एस्सी. झालो होतो. मी नोंदींची वही केली आणि गोळीचे ब्लेडने दोन तुकडे केले, रोज अर्धी. आठव्या दिवशी एकोणचाळीस, सोळाव्या दिवशी सत्तेचाळीस.

"दादा, बियस्सी हून चिंचोकंच मोजतोस व्हय रं?" चांगुणा म्हणाली.

"मग काय मोजू?"

"आईचं पांढरं क्यास मोज."

आईनं हसू दाबायला पदर तोंडाला लावला. कितीतरी दिवसांनी चांगुणा चेष्टा करत होती.

एकविसाव्या दिवशी सकाळी शाळेला निघताना ती उंबऱ्यातच कोसळली. आईनं नाकाशी कांदा धरला. झटके थांबेनात. नगरच्या दवाखान्यात पोचून ते थांबले, तेव्हा दोन तास दहा मिनिटं झाली होती.

नवव्या दिवशी घरी सोडताना, झटके इतका वेळ चालले की मेंदूला इजा होते, असं सांगून डॉक्टरांनी विचारलं, "गोळी कधी देत होता?"

"दिवेलागनीला," आई म्हणाली. "कानिफनाथाचा अंगारा लावला की त्येच्यासंगंच."

"झोपताना द्यायला सांगितली होती ना?"

"औशद हाय, म्हनून अंगाऱ्यासंगं दिली, डाक्तरसायेब."

दिवेलागणीला अंगारा, त्यासोबत गोळी, आणि मग परवचा. माझ्या वहीत तीन रकाने होते: तारीख, गोळी, चिंचोके. वेळेचा रकाना नव्हता. सकाळी मी तिला एकदाही पाढे विचारले नव्हते.

घरी आल्यावर गोळी पूर्ण केली आणि झोपताना देऊ लागलो. परीक्षेच्या दिवशी सकाळी आठला तिच्यापुढे डबा ठेवला.

"बे एके?" मी म्हणालो.

तिनं चिंचोका उचलून तोंडात घातला. आईनं बोट घालून तो बाहेर काढला, पदराला पुसला आणि परत डब्यात टाकला. मी पुन्हा पहिल्यापासून विचारलं. सातच्या पाढ्यापर्यंत जायला पाऊण तास लागला.

वहीत चौथा रकाना आखला आणि नोंद केली. वेळ: सकाळी आठ. गोळी: पूर्ण, झोपताना. चिंचोके: चार.