इंचभर कातडी

फेब्रुवारीतल्या तापात इंगवल्ड स्कोगनच्या तोंडाची चव गेली ती परत आलीच नाही, आणि हे त्याने जगात कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगणार कसा? ताप उतरला त्या संध्याकाळी त्याच्या बायकोने, मेव्हिसने, खास त्याच्यासाठी खिम्याचे गोळे केले आणि विचारलं, "कसे झालेत?" सेहेचाळीस वर्षांच्या सवयीने याच्या तोंडून "झकास" निघून गेलं. एकदा झकास म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी शब्द कुठल्या तोंडाने मागे घ्यायचा? मग तिसऱ्या दिवशीही झकास. जून उजाडला तरी तेच चालू होतं.

तेहतीस वर्षं शाळेची बस चालवलेला हा माणूस. पोरांच्या थापा तो मागच्या आरशात नुसतं बघून पकडायचा. स्वतःची थाप मात्र आता त्याच्या मानगुटीवर बसली होती. मेव्हिसला कळलं तर तिला काय वाटेल, या विचाराने त्याला रोज जेवणाच्या टेबलाशी बसताना धडकी भरायची.

त्यात आज तिचा वाढदिवस. या दिवशी दुपारी त्यांच्या घरी ताजा वॉलाय मासा तळला जायचा आणि तो पकडून आणायचा मान इंगवल्डचा. वॉलाय सोडून दुसरा मासा त्याच्या लेखी मासाच नव्हता. बास नावाचा मासा तर शेपूट फुटलेला चिखल. नऊ वर्षांपूर्वी चर्चच्या तळघरातल्या जेवणात त्याने डोळे बांधून, नुसत्या जिभेवर, हे दोन मासे वेगळे ओळखून दाखवले होते. तेव्हापासून गावात कुणी ती गोष्ट काढली नाही, तर तो स्वतः काढायचा.

लेक ग्रेटा घरी आईपाशी राहिली आणि सकाळी सहाला तो जावयाला, क्लेटनला, घेऊन तळ्यावर गेला. क्लेटन आर्कान्सामधला. तिकडे बास म्हणजे जीव की प्राण. शिवाय तो सासऱ्याला सर म्हणायचा, त्याने इंगवल्डला उगाचच शाळेच्या ऑफिसात उभं केल्यासारखं वाटायचं.

पाण्याखालच्या खडकाळ उंचवट्यावरून इंगवल्डने होडी वाऱ्यावर सोडली. गळाला जळू लावली आणि दोर तळापर्यंत जाऊ दिला.

"काठाकडे गळ फेकू नकोस," तो म्हणाला. "तिथे तुझे ते चिखलवाले असतात."

"बरं, सर."

दोन तास झाले. इंगवल्डला तेरा इंचांचा एक वॉलाय मिळाला, तोही बहुधा कंटाळून वर आलेला. त्याने दोनदा जागा बदलली, वाऱ्याला, पाण्याला आणि जळवांच्या दुकानदाराला बोल लावले. शेवटी क्लेटनने अगदी अदबीने लव्हाळ्यांच्या कडेला गळ फेकला आणि पाऊण तासात चार जाडजूड बास होडीत घेतले.

"सोडून दे," इंगवल्ड म्हणाला.

"सर, आपण जेवायला चौघं आहोत. वॉलाय एक आहे."

इंगवल्डने त्या एकुलत्या एका माशाकडे पाहिलं. "ठीक आहे. तू आणि ग्रेटा बास खा. वॉलाय मेव्हिसला आणि मला."

क्लेटनने सासऱ्याच्या थर्मासातली कॉफी ओतून घेतली, एक घोट घेतला आणि बराच वेळ गिळलाच नाही.

"सर, ही कॉफी..."

"मेव्हिसच्या हातची. झकास असते."

"हो, सर," क्लेटन म्हणाला आणि उरलेली कॉफी हळूच तळ्यात ओतली.

धक्क्याजवळच्या टेबलावर मासे साफ करताना इंगवल्डमधला मास्तर जागा झाला. "प्रत्येक तुकड्यावर इंचभर कातडी राहू दे, खवल्यांसकट. रस्त्यात मासेमारी तपासणाऱ्या वॉर्डनने अडवलं तर मासा कोणता ते त्याला कळायला हवं. तो काही जीभ लावून बघणार नाही. ती जीभ सगळ्यांना नसते."

घरी आल्यावर तळायच्या आधी ती कातडी काढून टाकायची पद्धत. पण आज मेव्हिसने सगळ्यांना स्वयंपाकघराबाहेर काढलं, मासे स्वतः तळले आणि ताटंही स्वतःच वाढली. इंगवल्डच्या ताटात कुरकुरीत पिवळे तुकडे आणि शेजारी तिच्या हातच्या कोबीच्या सॅलडचा डोंगर.

त्याने पहिला घास घेतला. गरम होता, कुरकुरीत होता. बाकी पुठ्ठा चावल्यासारखंच. त्याने डोळे मिटले.

"याला म्हणतात वॉलाय," तो म्हणाला. "किती गोड. ग्रेटा, क्लेटन, तुम्ही जे खाताय ना, त्याला बघा, मागून गाळाचा वास येतो. हा कसा, स्वच्छ."

त्याने काट्याने दुसरा तुकडा उलटला. पिठाचं आवरण सुटून आलं आणि खाली इंचभर कातडी दिसली. वॉलायची सोनेरी असते. ही हिरवी होती, मधोमध काळ्या पट्ट्याची.

क्लेटन खिडकीबाहेर बघू लागला. इंगवल्डचे कान तापले. बासची कातडी त्याला अंधारातसुद्धा ओळखता आली असती.

"वॉलायचे दोन्ही तुकडे माझ्या ताटात आहेत," मेव्हिस शांतपणे म्हणाली. "थर्मासात तीन आठवडे साखरेऐवजी मीठ घालतेय. त्याआधी खिम्याचा मीटलोफ करपवला. मुद्दाम. तू दोनदा वाढून घेतलास."

"मला सांगायचं होतं," इंगवल्ड म्हणाला. त्याला मनापासून लाज वाटत होती. "पहिल्या दिवशी झकास म्हणून बसलो आणि मग..."

"चव गेली त्याचं काही नाही रे. पण चार महिने या टेबलावर मी एकटीच जेवत होते. त्याचं वाईट वाटलं."

आपण तिचं मन राखतोय अशी त्याची समजूत होती, आणि राखत होता तो स्वतःची अब्रू. तीही धड राखता आली नव्हती. त्याने काटा खाली ठेवला.

"तुझा कसा लागतोय?" त्याने विचारलं. "सांग ना."

मेव्हिसने एक घास सावकाश खाल्ला. "गोडसर. कडेला जरा करपलाय. मीठ कमी पडलंय." मग ती त्याच्याकडे वळली. "आता तू सांग. ताप यायच्या आधी इतकी वर्षं जे झकास म्हणत होतास, ते तरी खरं होतं का?"

ग्रेटाने आईकडे पाहिलं, मग बापाकडे. हो म्हणणं किती सोपं होतं.

"खिम्याचे गोळे खरंच झकास," इंगवल्ड म्हणाला. "ॲपल पाय झकास. कॉफी, मिठाआधीची, झकास." त्याने ताटातल्या डोंगराकडे पाहिलं. "कोबीचं सॅलड मात्र नाही. कधीच नाही. लग्नाच्या आधीपासून नाही."

मेव्हिसने हात लांब करून त्याच्या ताटातला कोबीचा अख्खा डोंगर आपल्या ताटात ओढून घेतला, मोठा घास घेतला आणि चवीचवीने चावला.

"छान झालंय," ती म्हणाली. "तुला काय कळतंय."