मोठी अक्षरं

"गेलं बघ पुन्हा!" ताईने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. "बाई बोलता बोलता मेली."

बाई म्हणजे कॉम्प्युटरमधला आवाज. ताई घरी बसून हॉस्पिटलचे रिपोर्ट टाइप करायची आणि टाइप केलेलं ही बाई तिला वाचून दाखवायची. जमिनीवर मांडी घालून बसलेल्या धाकट्या भावाने मान वर केली. पडदा काळा झाला होता आणि मशीन आपलं आपण पुन्हा सुरू होत होतं. ते केव्हा बंद पडेल याचा काही नेम नव्हता.

"तोच रिपोर्ट तिसऱ्यांदा करतेय. पेशंट बरा होऊन घरी जाईल, माझा रिपोर्ट काही संपायचा नाही."

"मधे मधे सेव्ह करत जा ना गं."

"करते की! पण मिस्त्री, तू हात लावायच्या आधी हे असं नव्हतं हो."

ताई त्याला चिडवायला मिस्त्री म्हणायची. भावाला हे लागलं, कारण ते खरं होतं. त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं आणि दुकानाचा एक नियम होता: एका वेळी एकच भाग बदलायचा, तो नीट चालतोय याची खात्री करायची, मगच पुढच्याला हात घालायचा. गिऱ्हाइकाने कितीही घाई केली तरी तो बधायचा नाही. बहिणीच्या मशीनला मात्र त्याने नवी मेमरी, नवी डिस्क आणि ग्राफिक्स कार्ड एका दमात बसवून टाकलं. मेमरी आणि डिस्क आपली तोंडी लावायला. त्याचा खरा जीव अडकला होता कार्डात. त्या कार्डावर भलामोठा नवा पडदा जास्त सफाईने चालणार होता आणि पडद्यावर एकेक अक्षर तळहाताएवढं दिसणार होतं.

ताईची नजर गेली काही वर्षं हळूहळू विझत चालली होती. डावा डोळा गेलाच होता. उजव्यात थोडं उरलंय, असं ती सांगायची, आणि त्या थोड्यावर भावाची सगळी भिस्त होती. नजर जरा मागे सरली की हा अक्षरं जरा पुढे आणायचा. डॉक्टरांनी केव्हाच हात टेकले होते, याने नव्हते टेकले.

आता पाणी कुठे मुरतंय ते एकेक भाग काढून बघणं भाग होतं. डिस्क कालच तपासून झाली होती. नवी मेमरी सकाळी काढली, तरी मशीन आत्ता पडलंच. उरलं कार्ड. त्याला पहिल्यापासून संशय कार्डाचाच होता. कार्डाला वीज फार लागते, जुन्या मशीनला तेवढी पुरवता येत नसणार. पण लाडक्या पोरावर आळ घ्यायला जीभ रेटत नाही, तसं त्याचं झालं होतं.

"ताई, जरा चहा टाक. तोवर एक करून बघतो."

ती भिंतीला बोटं लावत स्वयंपाकघरात गेली. त्याने पडद्याची केबल उपसली, कार्ड काढून वर्तमानपत्रावर ठेवलं आणि मशीन चालू केलं. तेवढ्यात ताई कप घेऊन आलीसुद्धा. एक कप त्याच्याजवळ ठेवून ती खुर्चीत बसली, हेडफोन चढवला आणि तिची बोटं चालू लागली.

केबल अजून त्याच्या हातातच होती. पडदा काळाठिक्कर.

"अगं, थांब..." असं म्हणायला त्याने तोंड उघडलं.

"वा! आता कसं छान चाललंय," ताई म्हणाली. "आणि अक्षरं बघ, कशी ठसठशीत दिसतायत. आधीपेक्षाही बरी."

त्याने हातातल्या केबलकडे पाहिलं, मग काळ्या पडद्याकडे.

याआधीचा पडदा आणला तेव्हाही ती हेच म्हणाली होती. अगदी याच सुरात. म्हणजे केव्हापासून? त्याला राग आला नाही. फक्त फार वाईट वाटलं. आपल्याला बरं वाटावं म्हणून ही इतके दिवस पडद्याकडे तोंड करून बसत होती.

तो चहा न पिता बसून राहिला. रिपोर्ट संपला, दुसरा सुरू झाला. मशीन एकदाही पडलं नाही.

"गप्प का रे झालास?"

"दोष सापडला. कार्ड याला झेपत नव्हतं. काढलं मी ते."

तिची बोटं थांबली. "हौसेनं आणलं होतंस रे. मग आता अक्षरं लहान होतील का?"

"छे! आहेत तेवढीच राहतील. तू कर काम."

ती पुन्हा टाइप करू लागली. तो सरकत मशीनच्या मागे गेला आणि तिचा शब्द खोटा पडू नये म्हणून, जराही आवाज न करता, त्याने केबल मशीनच्या मूळच्या, कार्डाविना चालणाऱ्या जोडणीत खोचली. पडदा उजळला. तळहाताएवढी अक्षरं ओळीने उभी राहिली आणि त्यांचा पांढरा उजेड एकदम ताईच्या चेहऱ्यावर पडला. तिची पापणीसुद्धा हलली नाही.

तो तिच्या खुर्चीमागे उभा राहिला आणि ती लिहीत गेली तसा एकेक शब्द वाचत राहिला.