भिंगरीची पायवाट

शाळेच्या बाजूच्या ओसाड तुकड्यावर वस्तीने मिळून बाग करायची आणि एक संस्था त्यासाठी अनुदान देणार, असं ठरलं तेव्हा नकाशाचं काम आपसूक मास्तरांच्या गळ्यात पडलं. मास्तर म्हणजे त्याच शाळेतले निवृत्त ड्रॉइंगमास्तर. हात अजून थरथरत नाही, घराचं मागचं दारच त्या जागेवर उघडतं आणि नाही म्हणायची सवय जन्मात नाही. मग काय, समिती निवांत.

जागेत गवत म्हणाल तर कमरेएवढं. फक्त मधून एक पायवाट, शाळेच्या मागच्या फाटकापासून मास्तरांच्या दारापर्यंत. चोपून बसलेली, स्वच्छ. मध्येच एका दगडाला गोल वळसा. तो वळसा मास्तरांच्या मुलीचा. शाळा सुटली की दगडाभोवती गिरकी मारल्याशिवाय ती घरी यायची नाही, म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत. चौथीत असताना ती तापाने गेली. तिच्या मैत्रिणींची मुलं आता त्या शाळेत जातात. मागच्या फाटकाला तर केव्हाच कुलूप लागलं आणि ते कुलूपही गंजलं.

वाट मात्र बुजली नाही.

मास्तरांना कारण ठाऊक होतं, निदान त्यांना तसं वाटत होतं. शाळा सुटल्याची घंटा झाली की बायको हातातलं काम टाकून मागचं दार उघडायची. मास्तर तेव्हा मुद्दाम पुढच्या खोलीत पेपर तोंडासमोर धरून बसत. गुडघे धरलेत, तरी दगडापर्यंत जाऊन येते बिचारी. आईच ती, तिला काय विचारायचं? इतकी वर्षं घरात या गोष्टीवर आळीमिळी गुपचिळी.

संस्थेच्या बाई जागा बघायला आल्या. त्यांनी विचारलं, "ही वाट कोण वापरतं? वापरात असेल तर नकाशात दाखवा, उगाच नंतर वाद नकोत."

"कोणी नाही," मास्तर म्हणाले.

आणि दुपारी बसून त्यांनी नकाशात वाटेवरच खताचा खड्डा काढला, दगडाच्या जागी पाण्याची टाकी. खड्डा झाला की बायकोचं जाणं थांबेल, सुंठीवाचून खोकला जाईल. काढताना त्यांचा जीव तुटत होता. पण तिने तरी किती वर्षं असं जळत राहायचं?

बायको चहा घेऊन आली. नकाशाकडे बघत राहिली.

"इथे खड्डा? मग तुम्ही कुठून जाल?"

"मी?"

"आता कशाला लपवताय? रोज दार उघडून ठेवते ते तुमच्यासाठीच ना. तुम्हाला संकोच नको म्हणून आत जाऊन नळ सोडून भांडी घासत बसते."

"अगं, मी पुढच्या खोलीत असतो. मला वाटत होतं, तू जातेस."

"या गुडघ्यांनी? मला ती पायरी उतरवत नाही हो."

मास्तरांच्या अंगावर सरसरून काटा आला. खोटं कशाला बोला, ते घाबरले. तेवढ्यात घंटा झाली. पोरांचा गलका उठला, पांगला, विरला. दार उघडायला दोघांपैकी कोणी उठेना.

मग बायको हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे ती रोज दारापर्यंत येत होती. आणि आपण दोघंही आत निघून जात होतो."

मास्तरांना रडू आवरेना. त्यांनी चहा तसाच ठेवला, तिला हाताला धरून मागच्या दाराशी नेलं, कडी काढली आणि आधार देत पायरीवर बसवलं. स्वतः शेजारी बसले, मध्ये थोडी जागा सोडून. अंधार पडेपर्यंत दोघं तिथेच होती.

दुसऱ्या दिवशी संस्थेच्या बाईंनी नवा नकाशा उलगडला. खड्डा कोपऱ्यात गेला होता. वाट जशीच्या तशी होती, वळशासकट, आणि मागचं फाटक उघडं दाखवलं होतं.

"काल तर म्हणालात, कोणी वापरत नाही."

"चुकलं माझं. आमची मुलगी येते, शाळा सुटली की."

"अरे वा. कितवीत आहे?"

"चौथीत," मास्तर म्हणाले.