दाराशी पुरुषी बूट

अंतरा फ्रान्समधल्या चाळीस उंबऱ्यांच्या गावात शेळ्या सांभाळायला गेलीय, हे मी इथे अमेरिकेत, आमच्या पार्सिपनीत कुणाला सांगितलं नव्हतं. आयटीतली चांगली नोकरी सोडून पोटची पोर गोठा झाडते, हे कुठल्या तोंडाने सांगणार? वर्षाचाच प्रश्न होता, ऑगस्टमध्ये ती परत येणार होती.

पण शेळ्यांसाठी कुणी एवढ्या लांब जातं का? नक्की कुणीतरी पोरगा असणार आणि तोच तिला तिकडे ठेवून घेणार, अशी माझी खात्री होती. म्हणून रविवारी सकाळी तिचा व्हिडिओ कॉल आला, की मी तिच्या तोंडाकडे कमी आणि मागे जास्त बघायची. टेबलावर कप किती, दोरीवर शर्ट कुणाचा.

एप्रिलमधल्या एका रविवारी दाराशी चिखलाने माखलेले बूट दिसले. दणकट, पुरुषी मापाचे.

"हे कुणाचे गं?"

"मादाम रूसेलचे. फार्म त्यांचाच आहे ना, आई."

"बहात्तराव्या वर्षी असले बूट?"

"नीला, पुरे," शेजारून कुमार म्हणाला. माझ्या नवऱ्याला संशय म्हणून कशाचा येत नाही.

"इथे कोणी नाहीये, यार. थांब, सगळं दाखवते." अंतरा फोन घेऊन निघाली. तेवढ्यात एक म्हातारी आली, जाड लोकरी मोज्यांसकट त्या बुटांत पाय घातले आणि मला हात करून गोठ्याकडे गेली. मला एकदम हायसं वाटलं. उगाच पोरीवर शंका घेतली म्हणून थोडी लाजही वाटली.

घरामागे नेऊन अंतराने फोन जमिनीकडे वळवला. लांबलचक वाफा होता.

"ॲस्परॅगस. चाळीस रोपं, सगळी मी लावली, काल." किती खूश होती.

"वा," कुमार म्हणाला.

मी मनात वर्षं मोजली. आमच्या परसातही ॲस्परॅगस आहे. लावल्यावर पहिली दोन वर्षं त्याला सुरी लावायची नसते, खायला मिळतं ते तिसऱ्या वर्षी. लहानपणी तिला हे मीच शिकवलं होतं.

"ऑगस्टचं तिकीट काढलंस?"

तिचं हसू गेलं. "आई, आय वॉज गोइंग टु टेल यू."

मला रडूच फुटलं. कुणी पोरगा असता, तर त्याला चार शिव्या तरी घालता आल्या असत्या. कुमारने रुमाल पुढे केला. तिकडे ती फोन धरून तशीच उभी होती.

"बुडाशी खत घातलंस का?" मी विचारलं.