सौद्याआधीचा चहा

चहाचा दुसरा घोट घशाखाली उतरला, तेव्हा केसरीनाथच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो.

समोर बसलेला वळ गावचा चिंधू एकदम खुलला. पिशवीतून सौद्याचा नारळ काढून तो उभाच राहिला. "झालं तर मंग! केसरीदादांनी चहा घेतला. आता बघायचं काय ऱ्हायलंय?"

नारपोलीत कोणाला कापड विणायचा जुना लूम घ्यायचा असला, की तो आधी केसरीनाथला सोबत नेई. लूम चालवून बघेपर्यंत केसरीनाथ विकणाऱ्याच्या घरचं पाणीही घेत नसे. मग त्याने चहा मागितला तर माल चांगला. नुसत्या चपला घातल्या, तर गिऱ्हाइकाने निमूट त्याच्या मागे निघायचं. कोणाच्या मालाला तोंडाने नाव ठेवायला नको, भांडण नको. त्याच्या चहावर कितीतरी सौदे झाले होते.

पण आज वीज गेली होती. ती यायची वाट बघत तिघं आनंदीबाईच्या ओसरीवर बसले, आणि तिने न विचारता त्याच्या हातात कप दिला. गवती चहाचा वास आला. शिकाऊ असताना तो हाच चहा याच ओसरीवर रोज प्यायचा. आनंदीबाईचा नवरा महादू मिस्त्री त्याचा गुरू. पाना कसा धरायचा इथपासून चहा आधी का घ्यायचा नाही इथपर्यंत सगळं त्यानेच शिकवलेलं. महादू गेल्या साली वारला. आता त्याचा लूम विकून आनंदीबाईला लेकीकडे, अकलोलीला जायचं होतं.

"नारळ ठेव आत, चिंधू," केसरीनाथ म्हणाला. "मी लूम बघितला नाय अजून."

"अवो, पन चहा?"

"चुकून प्यायलो."

"तुमी आन् चुकून?" चिंधू हसला. "तुमच्या गुरूच्या घरचा माल हाय, दादा. त्यात खोट काढाल व्हय?"

केसरीनाथने कप खाली ठेवला. आनंदीबाईने त्यावर बशी झाकली. "जा, बघून ये. वीजबी आली बघ."

केसरीनाथने ओसरीलगतच्या खोलीत जाऊन लूम सुरू केला. धोटा सुरेख धावत होता. चिंधू मान डोलवत ऐकत होता. गवताच्या गाड्या हाकणारा हा माणूस आयुष्यातला पहिला लूम घेत होता. केसरीनाथने सांगाड्यावर तळहात ठेवला. लूमच्या डाव्या पायाजवळ काहीतरी वेगळं थरथरलं. लूम बंद करून त्याने तिथल्या हिरव्या रंगावरून अंगठा फिरवला. रंगाखाली पायाच्या बिडाला, ओतीव लोखंडाला, तडा होता, पितळ भरून सांधलेला. कानशीने घासून इतका गुळगुळीत केलेला की डोळ्याला दिसू नये. असा सांधा नारपोलीत एकच हात भरत असे, महादूचा. त्या पितळाच्या कडेने आता केसाएवढी फट निघाली होती.

तो तिथेच उकिडवा बसून राहिला. गप्प राहिला असता तरी चाललं असतं. चहा तर पिऊन झाला होता.

"चिंधू, बोट दे इकडं," अखेर तो म्हणाला. "हे लागतंय? सांधा उघडतोय. आज ना उद्या हा पाय मोडणार."

चिंधूने बोट लावून बघितलं. आनंदीबाईकडे बघितलं. मग नारळ पिशवीत टाकला. "येतो, मावशे," तो खालच्या आवाजात म्हणाला, आणि दारातून वळला. "दादा, दुसरीकडं बघायला याल ना?"

"येईन."

तो गेल्यावर केसरीनाथला मान वर करवेना. "काकी, तुमचं जाणं मोडलं मी."

"सांधा उघडला ते मला ठावंच न्हवतं रे," आनंदीबाई म्हणाली. "रंग कशाला देताव, मी ह्यांना इचारलं व्हतं. तर म्हनले, ठिगळ बघवत न्हाय. विकायला न्हाय लपवलं त्यांनी."

"नाय काकी. ते मला ठाऊक हाय."

ती बशी काढून कप आत घेऊन गेली. चहा पुन्हा गरम करून आणला. "पी आता. आता काय सौदा न्हाय."

तो पिऊ लागला. आनंदीबाईने पानाच्या डब्यातली चुन्याची डबी उघडली, बोट बुडवलं, आणि वाकून लूमच्या पायाशी, हिरव्या रंगावर, येणाऱ्या गिऱ्हाइकाला तडा दारातूनच दिसेल अशी पांढरी रेघ ओढली.