देवळामागचा बोळ

“रंग्या, तिकडून न्हाई रं... वड्याकडून ये!”

आईचा वीस वर्षांमागचा आवाज त्या जाड कार्डाच्या इवल्याशा भोकातून यावा तसा आला, आणि रंगनाथने कार्ड टेबलावर पालथं घातलं.

अशी तीनशे बारा कार्डं त्यानेच भोकं पाडून धाडली होती. धरणात जाणाऱ्या गावाची एकेक गल्ली, एकेक वळण. मुंबईच्या कॉम्प्युटरने ती वाचून कुठलं घर विहिरीपासून किती वळणं दूर ते सांगायचं, आणि त्यावरून वर माळावर नवं गावठाण आखायचं. आकडे सकाळीच आले. बाकी गावाला दोन, तीन, फार तर चार वळणं. ओढ्याकाठच्या अकरा घरांना नऊ.

“मिरजगावकर, ह्यांनी काय उडत जायचं पाण्याला?” आगाशेसाहेब हसले होते. “अहो, देवळामागून सरळ बोळ आहे. मी स्वतः गेलोय त्यातून. तुम्ही भिंत दाखवलीत! एक कार्ड घाला नवं, अकराही घरं तिनावर येतात. मग विहीर नव्या गावातही देवळामागंच.”

“नजरचूक झाली, साहेब.”

नजरचूक... टेप धरून तो बोळाच्या तोंडाशी उभा होता आणि पाय — बूट घातलेले, सरकारी पाय — आपोआप ओढ्याकडे वळले. हाताने रेघ ओढली ती भिंतीचीच, मला जन्मापासून तिथे दिसत आलेली. पुढे घागर घेतलेली आई, गुणगुणणारी...

वाट माझी गं वाकडी, वड्यासंगं वळती
पानी हाकंवर दिसं, उन्हं डोईवं कलती

आणि त्याच दिवशी आईच्या शेजारची छबूमावशी, हातातली मोळी टाकून, “आरं, चांगुणाचा रंगा न्हवं का तू?” साहेब शेजारीच होते. मी म्हणालो, “नाही बाई. मी मिरजगावचा.” तिने माझ्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे, पदर ओठांशी नेला. “चुकलं बाबा. डोळं ऱ्हायलं न्हाईत आता.” तिचे डोळे चांगले होते. मला वाचवायला तिने ते आंधळे करून घेतले — हे आठवलं की कानाच्या पाळ्या तापतात, अजून, इथे, पंख्याखालीसुद्धा.

पाचच्या टपालाने बोळाचं ते नवं कार्ड जायचं होतं. गेलं की आकडे सारखे होतील, कागदावर कुणीच लांब राहणार नाही... आणि ती भिंत माळावर चढून नव्या गावात उभी राहील, कुणालाही न दिसता.

“झालं का, मिरजगावकर?”

तो कार्ड घेऊन उठला. साहेबांनी हात पुढे केला, पण त्याने दिलं नाही. अंगठा त्या भोकावर घट्ट बसला होता.

“साहेब, बोळ उघडाच आहे. पण तिथून आम्हाला...” शब्द तोंडातून पडला तसा तो थांबला. लाज होतीच; पण ती आता आईकडे पाठ करून उभी नव्हती.

“...आम्हाला जाऊ देत नाहीत. त्या अकरांतलं चौथं घर माझ्या आईचं होतं.”