डावी कूस

"जरा ढिलं बांध की. मुका जीव हाय त्यो," बिरू म्हणाला.

तानूबाईने मेंढ्याच्या पोटाखाली गोणपाटाचा तुकडा ताणून धरला आणि पाठीवर सुतळीची गाठ मारली. आता तो कळपात कितीही उधळला तरी एकही मेंढी गाभण राहणार नव्हती.

"ढिलं बांधून काय उपेग?"

शेजारचा भिमा शेळ्या घेऊन निघाला होता. तो थांबला. "काय वैनी, मेंढ्याला लंगोट? कुस्तीला धाडताय व्हय?"

"तुमच्या बोकडालाबी शिवते. माप घिऊन या."

भिमा हसत गेला. बिरूला मात्र हसू आलं नाही. निरवांगीच्या याच माळावर त्याच्या बापाची दोनशे मेंढरं चरायची. आता साठ राहिली होती, आणि यंदा एकही कोकरू नको, असं बायको म्हणत होती.

माळ तरी कुठे राहिला होता? कालव्याच्या अंगाला ऊस आला. वरच्या अंगाला झाडं लावायची म्हणून तार ओढली गेली. मधल्या पट्ट्यात गवत टाचेच्या वर येईना. मागल्या साली सतरा कोकरं झाली. आयांना दूध नव्हतं. चैत्र सरेपर्यंत अकरा गेली. सून दिपालीची स्वराली तेव्हा दोन महिन्यांची. बाहेर भुकेलं कोकरू ओरडलं की आत दिपालीचं पोलकं भिजायचं. पोरीला छातीशी धरून ती दार लोटून घ्यायची, तरी आवाज यायचाच.

तेव्हापासून तानूबाई रोज संध्याकाळी एकेका मेंढीच्या डाव्या कुशीवर तळवा ठेवून बघायची. पोट भरलेलं असलं की कूस टम्म लागते. नसलं तर हात आत जातो. साठातल्या चाळीस जणींच्या कुशीत तिचा हात आत जात होता.

आषाढातल्या एका सकाळी ती पाणी घेऊन आली, तर मेंढा कळपात मोकळा. गोणपाट बाभळीला अडकवलेलं आणि खाली बिरू तंबाखू मळत बसलेला.

तिने घागर उतरवली, आधी मेंढा धरला.

"अवो, हितं या."

"कळप वाढवायचा न्हाय, तर धनगर कशाला म्हणायचं गं? लोकं हसत्यात."

"हसू द्या. तुमी या."

तिने त्याचा हात धरून काळ्या मेंढीच्या डाव्या कुशीवर ठेवला. बिरूची बोटं पार पेरांपर्यंत आत गेली.

"हिचं हिलाच पुरंना. आनिक एक जीव कुठं ठिवू? तुमी म्हनाल तितं ठिवते."

बिरूने बराच वेळ हात काढला नाही. मग उठला, बाभळीवरचं गोणपाट घेऊन आला. या वेळी गाठ त्याने मारली. घट्ट.

मार्गशीर्ष लागला. भिमाकडे करडं ओरडायला लागली, पलीकडच्या वाड्यांवर कोकरं. मेंढरं कोंडायची तानूबाईची जाळी गप्प होती. संध्याकाळी तिचा तळवा मात्र कुशीवरच थांबायचा, आत जायचा नाही.

आणि एका पहाटे दिपालीची हाक आली, "आत्याबाई, काळी व्याली!"

आषाढातल्या त्या मोकळ्या सकाळचं हे एकच कोकरू. बिरू मान खाली घालून उभा राहिला. "माझ्यापायी झालं."

तानूबाईने काळीचं थान हलकेच दाबलं. दुधाची धार तिच्या मनगटावरून ओघळली. ते बघताच दिपालीने कडेवरच्या स्वरालीला उगाचच घट्ट धरलं.

"एकाला जागा हाय," तानूबाई म्हणाली.

तिने छपरावरचं बांबूचं मोठं डालगं काढलं, धूळ झटकली. पंधरा-सोळा कोकरं मावायची त्यात. थंडीचं म्हणून कोकरू त्याखाली झाकलं. ते टेकायला कुणीतरी शोधत आतल्या आत फिरत राहिलं.

तानूबाईने खांद्यावरचं घोंगडं काढलं, त्याची कोकराएवढी घडी केली, डालगं जरा उचललं आणि ती आत सरकवली.